कायमचा पत्ता : वरीलप्रमाणे

"गाव कुठलं तुमचं?"

मुंबईत नवी ओळख झाली की आधी नाव, मग आडनाव आणि लगेच हा प्रश्न. अंधेरीतल्या ज्या ऑफिसात मी हिशेबाचं काम करते तिथं, लेडीज डब्यात, मुलाच्या शाळेतल्या पालकसभेत, सगळीकडे. मी सांगते, आरे. "राहता कुठे ते नाही हो, मूळ गाव?" आरेच. "म्हणजे आजी-आजोबांचं?" त्यांचंही आरे, त्यांच्या आईबापांचंही. समोरची बाई जरा गोंधळते. मुंबईकराला गाव असावं लागतं, गणपतीला आणि मे महिन्यात जायला. मग मी सांगते की मी वारली आहे, आणि तिचा चेहरा उजळतो. "अय्या, ते पेंटिंगवाले! मग डहाणूच्या असणार."

डहाणूला आमची सोयरीक आहे. पण गाव विचाराल तर गोरेगाव स्टेशनवरून बस पकडायची, तबेले मागे टाकायचे आणि उतरून पायवाटेनं वर चढायचं. ऑफिसच्या फॉर्मवर पत्त्याचे दोन रकाने असतात, सध्याचा आणि कायमचा. दुसऱ्यात मी नेहमी एकच शब्द लिहिते : वरीलप्रमाणे.

लिहायला सोपा आहे हा शब्द. सिद्ध करायला माझ्या बाबांची चार वर्षं गेली.

बारावीनंतर मला जातवैधता प्रमाणपत्र हवं होतं. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात 6 सप्टेंबर 1950 ही तारीख धरतात. त्या दिवशी तुमचं कुटुंब या राज्यात राहत होतं, हे दाखवायचं. त्याच्या आधीचा कागद, ज्यावर जात लिहिलेली आहे, असा मिळाला तर सोन्याहून पिवळं. आजोबा पाड्यातच जन्मले, पाड्यातच गेले, पण कागद कुठून असणार? शाळेत ते गेले नाहीत. जमीन कसली, पण सातबारा त्यांच्या नावावर कधीच नव्हता. 1949 साली सरकारनं दूध वसाहतीसाठी ही जागा घेतली, शहरातल्या म्हशी इथं आल्या, तबेले उभे राहिले. म्हशींची मोजदाद झाली असणार. आमची कोणी केली असली तर तो कागद आमच्यापर्यंत आला नाही.

बाबा गवत कापायच्या कामावर होते. सुट्टीच्या दिवशी ते एका कचेरीच्या खेपा घालायचे. एक कारकून सांगायचा अमुक आणा, ते आणलं की दुसरा सांगायचा हे चालत नाही. शेवटी एका निवृत्त तलाठ्यानं कोतवाल बुकाचं सुचवलं. कोतवाल बुक म्हणजे पूर्वीच्या काळी गावोगावी ठेवायचे ते जन्म-मृत्यूचं रजिस्टर. जुन्या नोंदी मोडीत. पानं हातात घेतली की कोपरे गळून पडतात. मोडी वाचणारा माणूस गाठला, त्याला पैसे दिले, आणि तिसऱ्या खेपेला त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. 1939 सालची नोंद. पणजोबांचं नाव. मुलगी, वय आठ महिने. जात वारली. कारण ताप.

ही आजोबांची धाकटी बहीण. तिचं नाव नोंदीत नाही. घरातही कुणाला आठवत नव्हतं, आजोबांना तर अशी बहीण होती हेच धड आठवत नव्हतं. तिच्या मरणाच्या कागदावर माझी पदवी झाली, माझ्या भावाची आयटीआय झाली, आता चुलतभावांची मुलं त्याच नकलेच्या झेरॉक्स काढून नेतात. नक्कल आजीच्या ट्रंकेत असते. आजी तिला 'पोरीचा कागद' म्हणते.

कागदावर भागलं नाही. जातपडताळणीच्या दक्षता पथकाचे साहेब घरी आले, आप्तभाव तपासायला, म्हणजे आमचे रिवाज खरंच वारल्यांचे आहेत का ते बघायला. देव कोणते, लग्नात काय करता, भाषा कशी बोलता? मी अठरा वर्षांची, मला वाघोबा सांगता आला, धान्याची देवी कणसरी सांगता आली, पुढे अडखळले. "लग्नाचा चौक कोण लिहितं?" मी म्हटलं, चित्रकार. आजी आतून कडाडली, "तिला काय इचारता, मला इचारा!" आणि मग सवाशिणींनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक कसा लिहायचा, आत पालघट देवी कशी बसवायची, धवलेरीनं, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईनं, गायल्याशिवाय लग्न कसं लागत नाही, हे तिनं साहेबांना अर्धा तास ऐकवलं. चहा घ्यायची सवडही दिली नाही. पुढे मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आप्तभावाची चाचणी ही काही अंतिम कसोटी नाही. शहरात वाढलेल्या पोरांना जुने रिवाज येत नसतील, हे कुणीतरी मान्य केलं याचं मला बरं वाटलं.

पण तपासणीच नको, असं मी म्हणणार नाही. खोट्या दाखल्यांवर आमच्या जागा किती वर्षं खाल्ल्या गेल्या ते पाड्यापाड्यात माहीत आहे. जुलै 2017 मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही. माझं दुखणं वेगळं आहे. खोटा माणूस कागद घेऊनच येतो, खऱ्याला मात्र मेलेलं बाळ शोधावं लागतं.

असो. पेंटिंगचं बोलते, नाहीतर तुम्ही पुन्हा विचाराल.

नाही, मला काढता येत नाही. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनच्या भिंतीवर तारपा या आमच्या फुंकवाद्याभोवतीचा नाच रंगवलाय, पण रंगवणाऱ्यानं गोल पुरा बंद करून तारपावाल्याला बाहेर ठेवलंय. तारप्याकडे पाठ करून नाचत नाहीत, हे त्याला कोणी सांगितलं नसावं. मी जेवताना त्या भिंतीकडे पाठ करून बसते. चौक हे बायकांचं काम होतं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंनी पुरुष असून हातात काडी धरली, लग्नाबाहेरही रोज चित्रं काढली आणि ती चित्रं परदेशात पोचली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाबांनी पेपरातला फोटो कापून पत्र्याला चिकटवला होता. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं, म्हणजे ही कला याच भागाची अशी नोंद झाली. चित्राला पत्ता मिळाला एकदाचा!

आमच्या शेजारी चित्रनगरी आहे, 1977 पासून. पाड्यात वीज आली तेव्हा मी कॉलेजात होते. त्याआधी रात्रीच्या शूटिंगचे दिवे आमच्या छपरांवर उजेड पाडायचे आणि आम्ही पोरं त्यात खेळायचो. एकदा कुठल्याशा सिनेमात जंगलातले आदिवासी हवे होते. बसभर माणसं बाहेरून आणली, त्यांना काळा रंग फासला, डोक्यात पिसं खोचली. 'हुर्रर्र' करत ती नाचत होती आणि आम्ही पन्नासेक वारली उतारावर बसून बघत होतो. हसून हसून पोट दुखलं आमचं. घरी येताना बाबा मात्र गप्प होते.

दुसरा प्रश्न ऑगस्टमध्ये येतो. 9 तारखेला मी रजा टाकते. "क्रांतिदिनाची?" मुंबईत हे साहजिक आहे, गवालिया टँक इथलाच. पण त्याच तारखेला 1982 साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मूळनिवासी लोकांविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक बसली. म्हणून 1994 मध्ये तो दिवस जागतिक आदिवासी दिन ठरला. त्या दिवशी आम्ही पाड्यापाड्यातून मिरवणूक काढतो. तारपा असतो, डीजेही असतो, आणि दोघांत कोण मोठ्यानं यावरून दर वर्षी भांडण होतं.

"पण मूळचे तर आपण सगळेच की," शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या. त्या चिपळूणच्या. त्यांचं म्हणणं सरकारी आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. 13 सप्टेंबर 2007 ला संयुक्त राष्ट्रांनी आदिवासी हक्कांचा जाहीरनामा 144 विरुद्ध 4 मतांनी मंजूर केला. भारतानं बाजूनं मत दिलं, पण भूमिका हीच, भारतीय सगळेच मूळनिवासी. घटना समितीत जयपालसिंग मुंडा 'आदिवासी' याच शब्दासाठी भांडले होते. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमधल्या हॉकी संघाचे ते कर्णधार. घटनेत शब्द आला 'अनुसूचित जमाती'. मी ताईंना एवढंच म्हटलं, तुम्हाला चिपळूणचं असण्यासाठी कोणी बाळाचा मृत्यू मागितला का? त्या गप्प झाल्या. मलाच वाईट वाटलं, त्यांचा काय दोष?

सांगण्यासारखं चांगलंही आहे, आणि ते मी मिरवते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, महादेव कोळी, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. गावठी बियाणं जपलं म्हणून 2020 ची पद्मश्री. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गोंडांचं गाव, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाले त्यात ते होतं, 2009 साली. 2011 पासून तिथली ग्रामसभा स्वतःच्या परवान्यावर बांबू विकते.

आमच्याकडे त्या कायद्याची गाडी पहिल्याच वळणावर अडते. वनहक्क मागायचा तर आधी वन पाहिजे. आरे जंगल आहे की नाही, यावर कोर्टात वाद झाले. 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री मेट्रोच्या कारशेडच्या जागेत करवती चालू झाल्या. तो आवाज आम्हाला घरात ऐकू येत होता, कुत्री रात्रभर भुंकत होती. सर्वोच्च न्यायालयानं 7 तारखेला थांबवेपर्यंत 2,141 झाडं गेली होती. वर्षभरानं सरकारनंच जाहीर केलं की आरेतली 800 एकर जमीन राखीव वन होणार. कारशेड कांजूरमार्गला गेली आणि 2022 मध्ये परत आली. आता मी त्याच मेट्रोनं कामावर जाते. वेळ वाचतो, खोटं कशाला बोलू? गाडीत 'आरे' असं पुकारतात तेव्हा दर वेळी कान टवकारतात.

बिबटे येतात का, हाही प्रश्न असतोच. येतात. वाघबारशीला वाघोबाला नारळ देतो. अंधार पडल्यावर पोरांना एकटं सोडत नाही. एवढंच.

गेल्या जूनमध्ये ऑफिसात सगळे गावाहून परतले. काजू, कोकम, साताऱ्याचे कंदी पेढे टेबलावर आले. आमच्या गावचंही काहीतरी द्यावं म्हणून पहिल्या पावसानंतर आजीनं खुडून दिलेल्या शेवळाच्या, या रानभाजीच्या, जुड्या मी नेल्या. सोबत काकडं, म्हणजे त्यात घालायची रानफळं, बांधून दिली आणि सांगितलं, पिवळा भाग काढून टाका, काकडं घातल्याशिवाय शिजवू नका, घसा खाजतो. ताईंनी काकडं कडू लागतात म्हणून टाकून दिली. दुसऱ्या दिवशी घसा धरून आल्या, दिवसभर खडीसाखर चघळत होत्या, आणि मी हसू दाबत व्हाउचरं लावत होते.

यंदा मे संपता संपता त्यांनीच विचारलं, "शेवळं निघाली का गं तुझ्या गावाला? आणि काकडं किती घालायची, ते आजीला नीट विचारून ये."