आधी ताट ठरवा, मग ग्लास

ब्रसेल्समधल्या साध्या कॅफेतही बियरची यादी जेवणाच्या यादीपेक्षा लांब असते. भारतातून कोणी आलं की ती यादी माझ्याकडे सरकवतात आणि म्हणतात, "तूच सांग, कुठली मागवू?" मी उलट विचारते, आधी सांगा, खाणार काय? मला स्वतःला बेल्जियन बियर कळत गेली ती याच वाटेने. नुसती चाखली तर आंबट, कडू, गोड असा शेरा मारून माणूस मोकळा होतो. ताटाशेजारी ठेवली की ती तशी का केलीय ते उमगतं.

माझा सगळ्यात जीव आहे तो गूझवर. पहिल्या घोटाला बहुतेकांचं तोंड वाकडं होतं, इतकी ती आंबट. गूझ तयार होते लांबिक नावाच्या बियरपासून, आणि लांबिक करण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. आंडरलेख्त भागात 1900 साली सुरू झालेली काँतियों ब्रुअरी अजून चालू आहे आणि आत जाऊन पाहता येते. छपराखाली तांब्याचं एक पसरट, उथळ भांडं आहे. गहू आणि बार्लीच्या मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) उकळता अर्क त्यात ओतून रात्रभर उघडा ठेवतात. यीस्ट कोणी घालत नाही. हवेतलं आणि त्या जुन्या इमारतीतलं जे काही असेल ते त्यात उतरतं. हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत चालतं, उन्हाळ्यात नको ते जंतू माजतात. मग लाकडी पिंपांत मुरवण. साधारण एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेली लांबिक एकत्र करून बाटलीत भरतात, तिथे ती पुन्हा फसफसते. ती गूझ.

ही घ्यायची प्लाटेकासच्या पावाबरोबर. पावाचा जाड काप, त्यावर ताज्या, मऊ, पांढऱ्या चीजचा भरघोस थर, वर लाल मुळ्याच्या चकत्या, कांद्याची पात, मीठ आणि मिरपूड. बस, एवढंच. चीजचा स्निग्धपणा जिभेवर बसतो न बसतो तोच गूझचा घोट तो धुऊन नेतो, आणि मुळ्याचा तिखटपणा एकदम पुढे येतो. आपल्या ताटातली लिंबाची फोड जे करते तेच. आमच्याकडे येणाऱ्या मांसाहार न करणाऱ्या मित्रमंडळींना मी आवर्जून हेच खायला घालते.

गोमांस खाणाऱ्यांसाठी स्टोफव्लेस. हे बियरमध्येच तासन् तास शिजवलेलं मांस. त्यावर मोहरी फासलेला पावाचा काप उपडा ठेवतात, तो हळूहळू विरघळतो आणि रस्सा दाट होतो. यात हॉप्स, म्हणजे बियरला कडूपणा देणारी फुलं, कमी असलेली तपकिरी बियर लागते, कारण रस्सा आटतो तसा कडूपणाही वाढत जातो. सोबत प्यायला वेस्टमाल मठातली डुबेल, ही गडद तपकिरी बियर, छान. परतलेल्या मांसाचा खमंगपणा आणि भाजक्या मॉल्टचा गोडसरपणा एकमेकांत मिसळून जातात. तिची ताकद 7 टक्के असते, तेव्हा सावकाश. आणि ती बर्फगार मागू नका, गारठ्यात तिची चवच दबते.

शिंपल्यांचं भांडं आणि फ्राइज मागवले तर सोबत विटबियर. गव्हाची, धुरकट पांढरी, धणे आणि संत्र्याच्या सालीचा वास असलेली. हूगार्डन गावात ही बियर बंदच पडली होती. 1960च्या दशकात पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली. कोळंबीच्या क्रोकेटबरोबर (आत मऊ सारण असलेल्या तळलेल्या रोलबरोबर) मात्र मला ओकच्या पिंपांत मुरलेली, लालसर, आंबटगोड रोडेनबाख हवी. तळणाला आंबट लागतंच.

चीजचे चौकोनी तुकडे, मोहरी आणि सेलरीचं मीठ अशी बशी जवळपास प्रत्येक जुन्या कॅफेत मिळते. तिच्यासोबत ऑर्वाल. ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या साधूंच्या मठातली ही बियर बाटलीत बदलत राहते. ताजी असताना हॉप्सचा वास ठसठशीत असतो, महिने उलटले की ती कोरडी आणि रानटी होत जाते. काही कॅफेंत ताजी हवी की जुनी, असं विचारतातही. बशीसोबत मी जुनीच सांगते.

झणझणीत जेवणासोबत कडू किंवा कडक बियर घेऊ नका. तिखटाची आग आणखी भडकते. तिथे विटबियरच बरी.

शेवटी चॉकलेट. त्यासोबत क्रीक, म्हणजे आंबट चेरीत मुरवलेली लांबिक, इतकी जमते की मला दुसरं काही सुचतच नाही. पण दुकानांत दिसणाऱ्या बऱ्याच क्रीकमध्ये गोडी वरून घातलेली असते, आणि गोडावर गोड आलं की चॉकलेटही मिळमिळीत लागतं. लेबलवर 'आउदे क्रीक' लिहिलेली बाटली बघून घ्या आणि चॉकलेट गडद, कमी साखरेचं निवडा.