आधी सही, मग प्रेम

प्रेमकादंबरी हातात घेतली की मी आधी शेवटची पानं चाळते. जुनी खोड आहे. दोघं एकत्र येतात का, हे बघायला नव्हे. ते येणारच, त्या भरवशावर तर पुस्तक घेतलेलं असतं. मला बघायचं असतं, लग्न कुठे आहे. शेवटच्या पानावर असेल तर पुस्तक सावकाश वाचलं तरी चालतं. तिसऱ्या प्रकरणातच उरकलं असेल तर मात्र त्या रात्री झोपेचं खोबरं.

शेवटी येणारं लग्न म्हणजे पडदा पाडायची सोय. फुलं, पांढरा झगा, डोळे टिपणारी मावशी, संपलं. त्या झग्याचीही गंमतच आहे. नेपोलियनच्या काळातली इंग्रज नायिका हमखास शुभ्र झग्यात उभी असते आणि खिडकीतून मावळतीचं सोनेरी ऊन तिच्यावर पडलेलं असतं. पांढऱ्या झग्याची टूम पसरली ती 1840 साली राणी व्हिक्टोरियाचं लग्न झाल्यावर. त्याआधी आहे त्यातला चांगला पोशाख घालून, मोजक्या माणसांत लग्न लागायचं. आणि मावळतीचं ऊन तर शक्यच नाही, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे लग्न सकाळी आठ ते बाराच्या आतच लावावं लागे.

यातून सुटायची एक वाट होती: विशेष परवाना. तो कँटरबरीच्या आर्चबिशपकडून, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सर्वांत वरच्या धर्मगुरूकडून, मिळायचा. तो असला की कुठेही, कोणत्याही वेळी लग्न करता येई, आणि तो सहजी मिळत नसल्यामुळे त्यात मोठाच रुबाब होता. 1813 च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत श्रीमंत डार्सी आपला जावई होणार हे कळल्यावर नायिकेची आई, बेनेटबाई, याच परवान्याचा हट्ट धरतात, तो त्यासाठीच. आजच्या लेखिकांच्या कादंबऱ्यांतले ड्यूक, म्हणजे बडे सरदार, मात्र तो कोटाच्या खिशात घडी घालून हिंडत असतात. पाऊस येईल म्हणून छत्री जवळ ठेवावी, तसा.

परवाना न परवडणाऱ्यांसाठी घोडागाडी होती. इंग्लंडमध्ये 1754 पासून नवा विवाह कायदा लागू झाला आणि 21 वर्षांखालच्या मुलामुलींना आईवडिलांना डावलून लग्न करणं अवघड झालं. तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथे दोन साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवरा-बायको’ म्हटलं की झालं. म्हणून हद्द ओलांडल्याबरोबर लागणारं ग्रेटना ग्रीन हे गाव पळून आलेल्या जोडप्यांनी गाजवलं. लग्न लावायला भटजी नाही, पाद्री नाही, ऐरणीवर घण मारणारा लोहार. लंडनहून तिथवर तीनशेहून अधिक मैल, मागे बापाची किंवा भावाची गाडी. कॉलेजच्या वयात मी या पाठलागांवर जीव टाकायचे. आता वाचताना वाटतं, इतके दिवस त्या हादरणाऱ्या गाडीत बसून या दोघांची पाठ कशी धरत नाही?

आणि गाडी ग्रेटनाला पोहोचलीच नाही तर? ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली बेनेटबाईंची धाकटी मुलगी लिडिया ‘ग्रेटना ग्रीनला चालले’ अशी चिठ्ठी ठेवून निघते आणि लंडनमध्येच राहते, बिनलग्नाची. घरचे हबकतात ते ती पळाली म्हणून नव्हे, पुरेशी लांब पळाली नाही म्हणून. स्कॉटलंडपर्यंत गेली असती तर निदान लग्न तरी झालं असतं!

पण माझं खरं प्रेम सोयीच्या लग्नावर. त्याला कर्ज फेडायचंय, तिला घरातून सुटायचंय. दोघं समोरासमोर बसून अटी ठरवतात: वेगळ्या खोल्या, एकमेकांच्या कामात ढवळाढवळ नाही, आणि प्रेमात तर पडायचंच नाही. ही शेवटची अट घालणारा माणूस मला फार आवडतो. बिचाऱ्याला माहीत नसतं की तो कोणत्या प्रकारच्या पुस्तकात आहे. मग सकाळच्या चहाला दोघं ‘अहो-जाहो’ करत बसतात, वर्तमानपत्राच्या आडून एकमेकांना न्याहाळतात, आणि साधारण बाराव्या प्रकरणात कुणाला तरी ताप येतो. तापाशिवाय सोयीचं लग्न पुढे सरकलेलं मी तरी पाहिलेलं नाही. उशाशी रात्रभर जागलेला माणूस सकाळी ‘अहो’ म्हणायचं विसरतो.

हे सगळं जमतं ते दाराला बाहेरून कडी असल्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल, तर त्यासाठी संसदेत स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. 1857 ला न्यायालयाचा मार्ग खुला झाला, तरी जोडीदाराला वेड लागलंय हे कारण चालायला 1937 चा कायदा यावा लागला. ‘जेन एअर’ या कादंबरीतलं जेनचं लग्न ऐन वेळी मोडतं, कारण नवरदेव रॉचेस्टरची वेडी बायको माडीवर जिवंत असते. माणूस कसाही असो, त्याला सोडायची वाट कायद्यानेच ठेवलेली नव्हती. प्रत्यक्षात ही कडी किती बायकांच्या हातावर लागली असेल, याचा विचार आला की चहाच्या टेबलावरची ती नजरानजर जरा कडू लागते. गोष्टीला मात्र ती कडी फार कामाची. निघून जाता येत नाही म्हणून दोघांना एकमेकांकडे बघावं लागतं.

आजच्या काळातली कथा लिहिणाऱ्यांचे म्हणूनच हाल. नायिका सरळ बॅग भरून जाऊ शकते, मग दोनशे पानं तिला धरून ठेवायचं कशाने? मग व्हिसा येतो. मृत्युपत्र येतं: ‘वर्षभर संसार केलास तरच इस्टेट.’ (जुन्या काळातल्या नायिकेलाही हे मृत्युपत्र चिकटवतात तेव्हा मला हसू येतं. वेगळा ट्रस्ट करून ठेवला नसेल, तर इंग्लंडमध्ये 1882 च्या कायद्यापर्यंत लग्न लागताच बायकोचा रोख पैसा नवऱ्याचा होई. म्हणजे पैसे मिळवायला लग्न, आणि लग्न झालं म्हणून पैसे गेले!) ऑफिसातल्या लोकांसाठी लुटुपुटूचं लग्न येतं. आणि लास व्हेगास तर येतंच. तिथे परवान्यासाठी थांबावं लागत नाही, कचेरी मध्यरात्रीपर्यंत उघडी, त्यामुळे सकाळी डोकं धरून उठलेल्या नायिकेच्या बोटात अंगठी सापडते. त्याच नेवाडा राज्यात घटस्फोटासाठी मात्र आधी सहा आठवडे राहावं लागतं. कादंबरीला तेवढे दिवस भरपूर झाले.

अलीकडे आणखी एक प्रकार मला धरून ठेवतो: वेगळे झालेल्या नवरा-बायकोंचा. यात कायद्याची कडी नाही, हद्द नाही, लोहार नाही. तिला ठाऊक असतं की तो ओला टॉवेल पलंगावर टाकतो; त्याला ठाऊक असतं की ती भांडताना दहा वर्षांपूर्वीचं काढते. अशा दोघांना परत एका छपराखाली आणायचं तर नुसत्या तापाने भागत नाही, खूप बोलावं लागतं. विशीत मी ही पुस्तकं दहा पानांत मिटायचे. म्हातारी माणसं भांडतात, त्यात काय वाचायचं? त्या पुस्तकांतली ‘म्हातारी’ बाई छत्तिशीची असायची.

सध्या उशाशी जे पुस्तक आहे, त्यात मात्र सोयीचंच लग्न. तिसरंच प्रकरण. सह्या झाल्यात, अंगठी तिच्या बोटाला सैल आहे म्हणून तिने ती अंगठ्यात घातलीय, आणि तो म्हणालाय, ‘तुम्हाला कसलाही त्रास होणार नाही, याची मी काळजी घेईन.’ रात्रीचा एक वाजलाय. सकाळी लवकर उठायचंय, पण अजून ताप यायचाय.