आमची वाटचाल : पेटीच्या तोंडावरचं नाव

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या मागे एका बोळात आमचा दहा बाय बाराचा गाळा आहे. वडील तिथे कॅसेट डेक आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे. त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने मी २०१५ साली रास्पबेरी पाय २ या तळहाताएवढ्या संगणकावर डॅक (आकड्यांतलं गाणं आवाजाच्या विजेत बदलणारं बोर्ड) चढवून गाणी वाजवणारी पहिली पेटी बांधली. आवाज उत्तम होता. पेटी मात्र मुकी होती. काय वाजतंय हे बघायचं तर फोन उघडा, अॅप उघडा, वाय-फाय सापडेपर्यंत थांबा. मी पाहिलेल्या सगळ्या पेट्या तशाच होत्या, म्हणून मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

ते दाखवून दिलं सदाशिव पेठेतल्या बाईंनी. निवृत्त संगीतशिक्षिका, आमच्या चौथ्या गिऱ्हाईक. त्यांच्या यजमानांनी जमवलेल्या कॅसेटी त्यांनी दोन वर्षं बसून संगणकावर उतरवल्या होत्या आणि प्रत्येक फाइलला गायकाचं आणि रागाचं नाव देवनागरीत दिलं होतं. पेटी घेऊन महिना झाला तेव्हा त्या गाळ्यावर आल्या. म्हणाल्या, "अरे, गाणारा समोर बसलाय आणि त्याचा चेहरा झाकलेला आहे, असं वाटतं मला. फोन मी वापरत नाही. पेटीवरच नाव दिसू दे."

मी १६ बाय २ चा, म्हणजे सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा, एलसीडी लावायला घेतला. लिफ्टमध्ये, वजनकाट्यावर असतो तोच, एचडी ४४७८० चिपवाला. त्याच्या पाठीवरचं पीसीएफ ८५७४ चं छोटं बोर्ड ५ व्होल्टवर चालतं आणि एसडीए-एससीएल या माहिती नेणाऱ्या दोन तारा ५ व्होल्टकडे ओढून धरतं. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. मध्ये व्होल्ट जुळवणारा लेव्हल शिफ्टर न टाकता सरळ जोडणारे पुष्कळ आहेत, आणि काही दिवस ते चालतंही. तुम्ही तसं करू नका. पण खरी अडचण व्होल्टची नव्हती. त्या एलसीडीत आपण स्वतः काढलेली अक्षरं आठच बसतात, प्रत्येकी ५ बाय ८ ठिपक्यांची. आठ चौकटींत देवनागरी कशी मावणार? इंग्रजी स्पेलिंग चालेल का, असं मी बाईंना विचारलं. त्या नुसत्या बघत राहिल्या. मी एलसीडी खोक्यात परत ठेवला.

मग ओएलईडी डिस्प्ले आणला, १.३ इंची, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा. पहिल्याच दिवशी चित्र दोन पिक्सेल सरकलेलं आणि कडेला कचऱ्याची उभी रेघ. दोन रात्री सोल्डरचे सगळे सांधे पुन्हा केले, तेव्हा कळलं की या मापाच्या मॉड्यूलवर बहुधा एसएच ११०६ ही चिप असते. तिची मेमरी १३२ स्तंभांची आणि काच १२८ ची. मी ड्रायव्हर, म्हणजे डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम, लावला होता एसएसडी १३०६ या दुसऱ्या चिपचा. मॉड्यूल घेताना चिपचं नाव विचारा, आणि वीज देण्याआधी पिनांवरची अक्षरं वाचा. कुणी व्हीसीसी (वीज आत येते ती पिन) आधी छापतं, कुणी ग्राउंड, आणि दोन्ही मॉड्यूल दिसायला जुळी. एका फ्रेमला, म्हणजे पूर्ण चित्राला, १०२४ बाइट लागतात. त्या दोन तारांवरची देवाणघेवाण, म्हणजे आयटूसी, १०० किलोहर्ट्झवर असेल तर सेकंदाला जेमतेम दहा फ्रेम मिळतात. ४०० वर नेली की लांबलचक नाव सरकताना डोळ्यांना खुपत नाही.

डिस्प्ले लागला, आता अक्षरं. पहिलं नाव उमटलं ते मल्लिकार्जुन मन्सूर. पाय मोडलेला ल, त्याच्या शेजारी दुसरा ल, वेलांटी त्याच्या उजवीकडे लटकलेली. रफार तर नव्हताच, त्याच्या जागी हलन्त र. बाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "चुकीचं लिहायचं असेल तर लिहूच नकोस. ज्याचं गाणं ऐकतोय, त्याचं नाव तरी नीट हवं."

त्या वाक्यानंतर दीड महिना मी दुसरं काम हातात घेतलं नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची, चित्रं काढणारी पिलो लायब्ररी अक्षरं एकामागून एक नुसती मांडत जाते. जोडाक्षर जोडायचं, वेलांटी डावीकडे न्यायची, रफार डोक्यावर चढवायचा, हे काम हार्फबझ या दुसऱ्या लायब्ररीचं, आणि ते पिलोला रॅक्म नावाच्या तिसऱ्या लायब्ररीमार्फत करून घ्यावं लागतं. ते जमलं. मग उंचीचा प्रश्न आला. इंग्रजी अक्षर आठ ठिपक्यांत वाचता येतं, पण आपल्याला शिरोरेषेच्या वर मात्रा हवी आणि खाली उकार. १६ ठिपक्यांत 'र्जु' म्हणजे शाईचा डाग. शेवटी २६ ठिपक्यांच्या दोन ओळी केल्या, वर गायक, खाली राग, आणि तळाशी गाणं किती सरलं ते दाखवणारी पट्टी. फॉन्ट मुक्त घेतला. आजही आमच्याकडे नवी पेटी बांधून झाली की पहिलं नाव मल्लिकार्जुन मन्सूर हेच टाकून बघतो. ते नीट आलं तर बाकी सगळं येतं.

पेट्यांच्या दर्शनी बाजूची तावदानं भोसरीच्या अण्णांनी कापली. तेव्हा त्यांच्याकडे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कापयंत्र, नव्हतं. तीन मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीला चार कोपऱ्यांत भोकं, मधे फ्रेटसॉ (बारीक पात्याची करवत) आणि मग कानस. मागून धुरकट अॅक्रिलिक, म्हणजे डिस्प्ले बंद असताना खिडकी आहे हे कळतही नाही. पहिल्या वीस पेट्यांचे पैसे अण्णांनी माल विकल्यावर घेतले. कागद नाही, सही नाही. भागीदार कुणाला म्हणायचं तर मी त्यांनाच म्हणेन.

पुढची तीन वर्षं चांगली गेली.

२०१९ च्या पावसाळ्यात फोन यायला लागले. 'गायकाच्या नावामागे तुमच्या दुकानाचं नाव दिसतं.' मी खोटं सांगणार नाही, चूक माझीच होती. गाणं बंद असताना वरच्या ओळीत आमच्या फर्मचं नाव आणि खाली घड्याळ, पूर्ण प्रकाशात, दिवसरात्र, असं मीच ठेवलं होतं. ओएलईडीचा ठिपका स्वतः उजळतो आणि उजळून उजळून झिजतो. जे ठिपके सतत पेटलेले, ते आधी मंद होतात. आमचं नाव काचेवर कायमचं कोरलं गेलं होतं.

त्याच सुमारास आमचाच माल ठेवणाऱ्या एका विक्रेत्याने स्वतःची पेटी काढली. नाव घेत नाही. खिडकीचं माप आमचं, दोन स्क्रूंची जागासुद्धा आमची, किंमत दीड हजाराने कमी. आत बॅकलाइटचा एलसीडी आणि फक्त इंग्रजी अक्षरं. त्याचं मला इतकं लागलं नसतं. पण आमच्या गिऱ्हाइकांची यादी त्याच्याकडे होती, आणि त्याने एकेकाला फोन करून सांगितलं की पुण्याच्या त्या पेटीचा डिस्प्ले वर्षात मरतो. दिवाळीच्या ३१ ऑर्डरींपैकी २२ रद्द झाल्या. ज्यांनी केल्या त्यांना मी दोष देत नाही. पण देवनागरीसाठी घालवलेला दीड महिना त्याला कुणी विचारला नाही, हे अजून सलतं.

वडिलांच्या नावची मुदत ठेव मोडली आणि विकलेल्या प्रत्येक पेटीचा डिस्प्ले फुकट बदलून द्यायचं ठरवलं. गाळा विकायचं बोलणंही घरात झालं होतं. त्या आठवड्यात बाई आल्या, हातात शंभर पानी वही. पेटी रोज किती वाजता लावली, किती वाजता बंद केली, काच कधी मंद वाटली, सगळं तारीखवार. पैसे परत मागितले नाहीत. म्हणाल्या, "तुला उपयोगी पडेल."

पडली. वहीवरून दिसलं की पेटी दिवसाला तीन तास वाजायची आणि उरलेले २१ तास नुसतं आमचं नाव दाखवायची. त्या रात्री प्रोग्राम बदलला. गाणं थांबल्यावर एका मिनिटात प्रकाश उतरतो, पाच मिनिटांनी काच काळी. पुढे एकच बटण, दाबलं की जागी. वाजत असतानाही मजकूर दर मिनिटाला एक-दोन ठिपके सरकतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. आधी आमचा प्रोग्राम एमपीडीला, म्हणजे पेटीत गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामला, सेकंदाला चारदा विचारायचा, गाणं बदललं का? आता तो आयडल आज्ञा देऊन थांबतो, बदल झाला की एमपीडीच कळवतो. डॅकला ५ व्होल्टवरून वेगळा रेग्युलेटर (वीज स्थिर ठेवणारा भाग) दिला, त्यामुळे शांत आलापात अक्षरं सरकताना येणारी बारीक टिकटिकही गेली. नवीन कुणी करत असेल तर हे पहिल्या दिवशीच करा. आणि स्वतःचं नाव खोक्याच्या मागे छापा, काचेवर नको.

गेल्या महिन्यात त्या विक्रेत्याची एक पेटी आमच्याकडे दुरुस्तीला आली. बॅकलाइट गेला होता. गिऱ्हाईक कोथरूडचे, गाणी सगळी मराठी. आमचा डिस्प्ले बसवला. खिडकी आमच्याच मापाची, कानस लावावी लागली नाही.

सध्या टेबलावर एसएसडी १३२२ चिपचा ओएलईडी आहे, २५६ बाय ६४ ठिपक्यांचा, एसपीआय या आयटूसीपेक्षा वेगवान जोडणीवर चालणारा. त्यात १६ छटा मिळतात, त्यामुळे वेलांटीची कमान पहिल्यांदाच गोल दिसते आहे. काचेचा उजळणारा भाग सुमारे ७७ बाय १९ मिलिमीटरचा. अण्णांच्या मुलाने आता सीएनसी घेतलंय. खिडकीचं माप शनिवारी द्यायचं आहे, आणि पहिलं तावदान बाईंच्या पेटीला लागेल.