थांबायची ताकद

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठांची इर्षा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमच्या मॅचेस बघत मी वाढलो. चौदाव्या वर्षी फुटसालला, म्हणजे छोट्या कोर्टवरच्या फुटबॉलला लागलो आणि दोन महिन्यांत गुडघा धरून बसलो.

फुटसालचं कोर्ट साधारण ४० बाय २० मीटर, एका बाजूला गोलीसकट पाच जण. बॉल सतत पायात येतो. मोठ्या ग्राउंडवर पळत येऊन थांबायला जागा असते, इथं दोन पावलांत थांबून वळावं लागतं, तेही कडक फ्लोअरवर. माझी उंची तेव्हा भराभर वाढत होती. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखायचं. डॉक्टरांनी ऑसगुड-श्लॅटर सांगितलं: मांडीचा पुढचा स्नायू तिथल्या वाढत्या हाडाला ओढत होता. उड्या बंद, खेळ निम्मा.

दुखणं उतरल्यावर आमच्या कोच सरांनी आठवड्यातून दोन दिवस जिम सुरू केली. वजनं उचलून उंची खुंटेल म्हणून आई घाबरली. सरांनी तिला समोर बसवून समजावलं, की नीट शिकवलेल्या, बेतानं वाढवलेल्या व्यायामानं उंची खुंटत नाही.

पहिले तीन आठवडे वजनाला हात नाही. पायरीवरून उतरायचं, पण आवाज न करता, आणि गुडघा आत पडू न देता. हे इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. मग सहा किलोचं डंबेल छातीशी धरून बैठका, आठाचे तीन सेट. अजून दोन निघतील एवढा दम ठेवूनच थांबायचं. नॉर्डिक म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम. त्यात जोडीदार घोटे दाबून धरतो आणि आपण गुडघ्यावरून सावकाश पुढं झुकायचं. पहिल्यांदा मी सरळ हातांवर आलो. हौसेनं एकदा मॅचच्या आदल्या दिवशी जास्तीचे नॉर्डिक मारले आणि दुसऱ्या दिवशी मांडीची मागची बाजू इतकी धरली, की पहिल्या हाफमध्येच बाहेर आलो. आता मॅचच्या आधीचे दोन दिवस पायांचा जड व्यायाम नाही.

आबा तरुणपणी तालमीत लढायचे. माझी बैठक बघून म्हणाले, "वर कसाबी ये रं, खाली जाताना घाई नको." सर नेमकं हेच सांगत होते. खाली जाताना स्नायू ताणला जात असताना भार झेलतो, आणि पळता पळता ब्रेक लावतानाही तेच काम करतो.

पंधराव्या आठवड्यात डंबेल अठरा किलोचं झालं. पळण्याचा वेग थोडाच वाढला, पण परवाच्या मॅचमध्ये तळव्याखाली बॉल दाबून मी जागच्या जागी थांबलो, डिफेंडर पुढं निघून गेला, आणि मला गोल मोकळा दिसला. शॉट पोस्टला लागला. गुडघा दुखला नाही.

उजव्या जांघेचा स्नायू मात्र अजून कच्चा आहे. या शुक्रवारपासून त्याच्यासाठी कोपनहेगन प्लँक हा व्यायाम, आधी गुडघा बाकड्यावर टेकवून.