बाधलं कुणामुळे?

आधी त्याचा खालचा ओठ सुजला. मग कानामागे खाज सुटली, आणि बघता बघता पाठभर गांधी उठल्या, एकमेकींत मिसळून नकाशासारख्या. मुलगा साडेतीन वर्षांचा होता आणि हातात अर्धा शेंगदाणा होता. उरलेला अर्धा पोटात.

दवाखान्यातून परत येईपर्यंत कारणं घरी येऊन बसली होती. सासूबाई म्हणाल्या, पित्त. मावशी म्हणाली, गरोदरपणी तू दाणे फार खाल्लेस. जाऊबाई म्हणाल्या, खाल्लेच नसतील, म्हणून पोराला सवय नाही. दोघींचं एकाच वेळी खरं असणं अवघड होतं, पण दोष माझाच, यावर एकमत होतं. शेजारचे काका फवारणीवर घसरले. आणि एका मैत्रिणीने, "अगं, मलाही दूध बाधतं," म्हणून मला गप्प केलं. दुधातली साखर पचली नाही की पोट फुगतं, त्यात ॲलर्जीचा काही संबंध नाही, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर भांडले असते.

आपल्याकडे शब्दही सोयीचे आहेत. मानवत नाही, सोसत नाही, बाधतं. खोट पदार्थात आहे की खाणाऱ्यात, हे सगळं मोघम.

ते १९२१ साली दोन डॉक्टरांनी बरंचसं उलगडलं. क्युस्टनर यांना मासे चालत नसत, प्राउस्निट्झ यांना चालत. प्राउस्निट्झनी क्युस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क. तेवढीच जागा लाल होऊन फुगली. म्हणजे खोट माशात नव्हती, रक्तातल्या कशात तरी होती. त्या 'कशात तरी'ला, म्हणजे रक्तातल्या एका प्रतिपिंडाला, आयजीई हे नाव मिळायला आणखी पंचेचाळीसेक वर्षं गेली. शरीर शेंगदाण्याला शत्रू समजून फौज उभी करतं, ती ह्या आयजीईच्या जोरावर. पण ही चुकीची ओळख मुळात पटते कुठे?

स्वच्छतेचा सिद्धांत, म्हणजे लहानपणी जंतूंशी गाठ कमी पडली की ॲलर्जी वाढते हे म्हणणं, मला बरेच दिवस छळत होता. १९८९ मध्ये स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं की घरात मोठी भावंडं जितकी जास्त, तितका परागज्वर, म्हणजे परागकणांची ॲलर्जी, कमी. मग लोकांनी तेच खाण्यालाही लावलं. मी बाटल्या उकळणारी, खेळणी पुसणारी आई. मनाला लावून घ्यायला आणखी काय हवं?

आमच्या बाळाला इसब होतं, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन वर्षं दाणा नको. तेव्हाचा सल्लाच तो होता. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही जोखमीच्या बाळांसाठी तेच सांगितलं होतं आणि २००८ मध्ये मागे घेतलं. मी तो परीक्षेसारखा पाळला. मग २०१५ मध्ये लंडनच्या अभ्यासाचा निकाल आला. इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० तान्ही बाळं घेतली होती. अर्ध्यांना दाणे भरवले (अख्खे नव्हेत, मऊ करून), अर्ध्यांना वर्ज्य. पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. जाऊबाई बऱ्याच जवळ होत्या. त्यांना सांगितलं नाही.

त्याच अभ्यासामागचे गिडियन लॅक आणखी एक म्हणतात, आणि मला तेच सर्वांत खरं वाटतं. पोटातून ओळख झाली तर शरीर सामावून घेतं. फाटक्या, इसबाच्या कातडीतून झाली तर ते बिथरतं. २००३ मध्ये त्यांना दिसलं होतं की इसबावर शेंगदाणा तेलाची मलमं चोळलेल्या बाळांत ही ॲलर्जी जास्त आढळते.

हे वाचलं तेव्हा मला एक पांढरी ट्यूब आठवली. रात्री त्याच्या कोपराच्या घडीत बोटाने मलम जिरवायची मी, तो झोपेत पाय झाडायचा. त्यात कोणतं तेल होतं, कधी वाचलं नाही. आता मात्र मी पाकिटाची प्रत्येक बाजू वाचते. मुलगा तेवीस वर्षांचा आहे, तो म्हणतो, "आई, मी वाचलंय." मी तरी पाकीट उजेडात धरते.