विमान सव्वा तासाचं, प्रवास साडेपाच तासांचा: इंदूर ते पुणे

भाच्याची मुंज पुण्याला होती. आईला यंदा बसनं न्यायचं नाही, हे आधीच ठरलेलं. रात्रभर बारा तासांची स्लीपर बस आणि मधेच ढाब्यावर चढउतार, हे तिच्या गुडघ्यांना आता झेपत नाही.

नकाशावर इंदूर ते पुणे सरळ रेषेत साधारण ५०० किलोमीटर. सेंधवा, धुळे करत रस्त्यानं ६०० च्या आसपास. रेल्वेचा फेरा मात्र फारच मोठा: गाडी रतलाम, वडोदरा, वसई, कल्याण असं वळसे घेत पुण्याला पोचते. मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तो लवकर व्हावा, असं इंदूरच्या प्रत्येक मराठी घराला मनापासून वाटतं, कारण निम्मे नातेवाईक तिकडेच.

तिकिटावर उड्डाणाची वेळ सव्वा तास. आमचा हिशेब असा झाला: रामबागेतलं घर ११.४० ला सोडलं, बिजासन टेकडीजवळच्या विमानतळावर सव्वाबाराला. विमान २.१० ला सुटलं, ३.२५ ला पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरलं. सामान हाती यायला पंचवीस मिनिटं, आणि कोथरूडला बहिणीच्या दारात ५.१०. म्हणून मुहूर्ताच्या दिवशीचं तिकीट काढू नका, आदल्या दिवशी पोचा.

सुरक्षा तपासणीत आमचं चुकलं. आईनं मिरचीच्या लोणच्याची छोटी बरणी तोंडाला फडक्याचा दादरा बांधून हातातल्या पिशवीत ठेवली होती. मिरचीचं लोणचं केबिनमध्ये चालत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. मोठी बॅग तोवर आत गेलेली, पोचवायला आलेला शेजारचा मुलगा परतलेला. जवानानं अगदी नरमाईनं सांगितलं. बरणी तिथंच राहिली. आईनं दादरा सोडवून घडी केली आणि पुण्यापर्यंत मुठीत धरून ठेवली. ते बघून फार वाईट वाटलं. लोणचं, तूप, जिरावण (आपला इंदुरी मसाला) सगळं चेक-इन बॅगेतच घाला, नीट बांधून. सहसा त्या बॅगेला १५ किलो आणि हातातल्या सामानाला ७ किलोची मर्यादा असते, घरून वजन करूनच निघा.

व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच सांगितली होती, ते फार बरं केलं. दोन्ही विमानतळांवर रांगांमध्ये उभं राहावं लागलं नाही. ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी यात संकोच करू नये.

दुपारचं विमान असेल तर डावीकडची खिडकी मागा, उन्हाचा त्रास कमी होतो. उड्डाणानंतर दहा-बारा मिनिटांत नर्मदा दिसली, वाळूच्या पट्ट्यांमधून वळत गेलेली. आईनं हात जोडले, "नर्मदे हर" म्हणाली. मग सातपुड्याच्या घड्या आणि पलीकडे खानदेशची करडी, मोकळी जमीन. चहा संपेपर्यंत विमान उतरायलाही लागलं.

सामान थोडं आणि पाय धड असतील, तर लोहगावहून रिक्षानं रामवाडी गाठा आणि वनाझकडे जाणारी मेट्रो धरा. डेक्कन, गरवारे महाविद्यालय, नळस्टॉप त्याच मार्गावर आहेत. आम्ही आईमुळे टॅक्सी केली, तिला एक तास वीस मिनिटं लागली. परतीला म्हणूनच कोथरूडहून साडेतीन तास आधी निघालो.