दुपारची गोष्ट, स्क्रीनशिवाय

शाळेतून आल्यावर आमच्या कन्येचं जे काही चालतं ना, दप्तर एकीकडे, मोजे सोफ्याखाली आणि तोंडाने अखंड भुणभुण, त्यावर सध्या सगळ्यात चांगला उतारा म्हणजे ऑडिओ गोष्ट. जेवण झालं की पडदे ओढायचे, सतरंजीवर आडवं व्हायचं आणि स्पीकर लावायचा, फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवायचा, नाहीतर 'आई, चित्र दाखव' सुरू होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलंय की 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तासच स्क्रीन, आणि बसल्या वेळेत गोष्टी-वाचन चांगलं, अर्थात आपण सोबत असलो तर. म्हणून मीपण शेजारी लोळते (बहुतेक वेळा आधी मलाच डुलकी लागते).

गोष्ट निवडताना मी एकच बघते, सांगणाऱ्याला घाई नको. दर दोन वाक्यांना ढँण्टँढँण म्युझिक असेल तर मूल शांत कसलं होतंय, उलट उठून नाचतं! आमच्याकडे म्हातारी आणि भोपळा रोज चालतो. पुढे काय होणार ते पाठ असतं म्हणूनच बहुतेक ती निवांत पडते, 'टुणुक टुणुक'ला फक्त पायाची बोटं हलतात.